बदामाखालचा पालथा ग्लास

गुमामेला गल्लीत नवा भाडेकरू आला, की आठवड्याभरात त्याच्या कानावर एक गोष्ट घातली जाते. लुमिंगबाई तानोद, म्हणजे गल्लीची राखणदार, होती त्या अठरा वर्षांत तिनं एकटीनं जेवढी जिन रिचवली, तेवढी अख्ख्या पांडाकान भागातल्या खलाशांनी मिळून रिचवली नसेल. रोज दुपारी चार वाजता अंगात बारंगायचं, म्हणजे आमच्या वस्तीच्या पंचायतीचं, पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, आणि बाई बदामाखाली दारुड्यांच्या कोंडाळ्यात स्टूल टाकून बसलेली! राखणदार म्हणून नेमली आणि बाटलीच राखत बसली, असं म्हणून सांगणारा डोळा मारतो. नवा भाडेकरू बिचारा त्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीकडे आदरानं बघायला लागतो.

यातलं जाकीट खरं आहे. शिट्टी, स्टूल, कोंडाळं, तेही खरं. बाटलीसुद्धा तिच्याच हातात असायची. पण बाईनं आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नाही. लोलो इस्को, म्हणजे इस्को आजोबा, तिच्या शेजारच्या बाकावर बसायचा. तो मरेपर्यंत शपथेवर सांगायचा, की लुमिंगच्या तोंडाला फक्त आल्याचा वास येतो. वास घेण्याइतका तो जवळ कधी आणि कसा गेला, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि गल्लीनं दर नाताळात विचारायचं सोडलं नाही.

मुळात ओतण्याची कला त्या घरात आली ती नवऱ्याकडून. कार्दो हा बदामाखालचा कायमचा ओतणारा. आमच्याकडे प्यायला बसतात ते एकाच ग्लासात. बाटली एक, ग्लास एक, आणि ओतणारा एक. तो पहिले दोन थेंब जमिनीवर सोडतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या खालच्या मंडळींसाठी, मग ग्लास भरून एकेकाच्या हातात देतो. समोर आलेला ग्लास नाकारला तर देणाऱ्याचा अपमान. आणि कुणाला किती ओतायचं यावर ओतणाऱ्याशी वाद घालायचा नाही. घरी बायकोशी घाला, कापितानशी घाला, पाद्र्याशी घाला, ओतणाऱ्याशी नाही. कार्दोचा हात असा बसलेला होता, की सात जणांना सात वेळा दिली तरी शेवटचा ग्लास पहिल्याइतकाच भरायचा. फक्त तो स्वतःच्या पाळीला कधी हात आखडता घेत नसे. लुमिंगबाई खिडकीतून लसूण घालून तळलेले शेंगदाणे, निखाऱ्यावर भाजलेली कोंबडीची आतडी, हिरव्या आंब्याच्या फोडी अशा बशा बाहेर सरकवायची. तोंडातून चकार शब्द काढायची नाही. मग एका वर्षी कार्दोचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि पावसाळा संपायच्या आत बदामाखाली ओतायला कुणी उरलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी कापितान सेब्यो तिच्या दारात येऊन उभा राहिला. हा आमच्या बारंगायचा निवडून आलेला कारभारी. केस काळे करायचा, पण मिशी विसरायचा.

"लुमिंग, कागद आलाय वरून. राखणदारांत एक तरी बाई पाहिजे म्हणे."

"मग तुमची बायको घ्या की."

"ती मला राखते, तेवढं पुरे आहे."

"मला कुस्ती येत नाही, कापितान."

"तुला कोण कुस्ती करायला सांगतंय? काठी घे, शिट्टी घे, गल्लीतनं हिंड. बाकीचे पाच जण आहेतच."

ते बाकीचे पाच जण कोण, तर चार वाजता बदामाखाली बसणाऱ्यांचेच मेव्हणे आणि साडू. असो. जाकीट तिला गुडघ्यापर्यंत आलं. ते तिनं दोन टाके घालून कमरेपाशी आवळलं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर चारला बदामाखाली जाऊन जोरात शिट्टी वाजवली. रस्त्यावर दारू प्यायला मनाई होती. रस्त्यावर उघड्या अंगानं फिरायलासुद्धा मनाई होती. ते दोन्ही नियम बारंगायच्या भिंतीवर लिहिलेले होते आणि त्या भिंतीला टेकूनच मंडळी उघड्या अंगानं प्यायला बसायची.

शिट्टी ऐकून मंडळी उठली. लोलो इस्कोनं बाकाचं एक टोक धरलं, रिक्षावाल्या बेर्तिंगनं दुसरं. दोघांनी बाक उचलून नाला ओलांडला आणि पलीकडे ठेवला. नाल्यापलीकडे दुसरा बारंगाय. तिथला तानोद दुपारी झोपतो, हे सगळ्या जगाला ठाऊक.

लोलो इस्को ग्लास उंचावून ओरडला, "वाजव लुमिंग, वाजव! इथून ऐकलं की नुसतं संगीत आहे!"

दुसऱ्या दिवशी तिनं नोंदवही आणली आणि सहाच्या सहा नावं लिहिली. कापितान सेब्योनं वही वाचली, तिसऱ्या नावापाशी थांबला, खाकरला. तिसरं नाव त्याच्या मेव्हण्याचं होतं. त्यानं वही मिटून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि "बघू" म्हणाला. आमच्या कापितानच्या "बघू"मधून आजवर काही बाहेर आलेलं कुणी बघितलेलं नाही.

चौथ्या दिवशी लुमिंगबाई काठी आणि वही घरी ठेवून आली. हातात एक प्लास्टिकचं स्टूल. ते तिनं कोंडाळ्यात दोन माणसांच्या मधे खुपसलं आणि बसली.

"काय गं, हरलीस?" लोलो इस्को म्हणाला.

"पाय दुखतात. सरका."

"मग घेणार का एक?"

"ओततो कोण इथं? हा बेर्तिंग? हात बघा त्याचा, जणू होडी वल्हवतोय. माझ्या कार्दोच्या जागेवर बसून अर्धी दारू धुळीत घालतो. लाज वाटते का तुम्हाला?"

मंडळी खदखदून हसली. गंमत म्हणून बेर्तिंगनं बाटली तिच्या हातात दिली. "ओता नानाय, ओता आई, तुम्हीच ओता!"

ती बाटली पुढं अठरा वर्षं तिनं कुणाला परत दिली नाही. एकदा सोडून. त्या एकदाचीच ही गोष्ट आहे.

ओतणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हा कायदा तिनं केला नव्हता, त्यांच्याच बापजाद्यांनी केला होता. तिनं फक्त तो हातात घेतला. स्वतःची पाळी आली की ती ग्लास बदामाच्या मुळाशी रिकामा करायची. "माझा वाटा खालच्या मंडळींचा." त्या वर्षांत आमचा बदाम असा फोफावला, की त्याच्या सावलीत दोन टेबलं जास्त मावायला लागली. ज्याचा आवाज चढला त्याला पुढच्या फेरीत अर्धा. जो उपाशी पोटी आला त्याच्यासमोर आधी लुगावची वाटी, आल्याची गरम पेज, वर उकडलेलं अंडं. ती संपेपर्यंत ग्लास नाही. सहाच्या सुमारास देवळाची घंटा झाली, की बाटली कितीही उरलेली असो, ती बुचाला थोपटून म्हणायची, "झोपली." आणि बाटली काखोटीला मारून घरी जायची. नळावर बायका हळूच तिच्या कानाशी लागायला लागल्या. "नानाय, आज आमच्याला दोनच हं, उद्या सासूबाई यायच्यात." लुमिंगबाई मान हलवायची. कुणाच्या घरी काय शिजतंय आणि कोण कुणावर हात उगारतोय, सगळं तिला नळावर कळायचं आणि बदामाखाली त्याचा निकाल लागायचा.

खरी शिक्षा एकच. तुमची पाळी आली, की ती ग्लास भरायचीच नाही. तुमच्यासमोर तो पालथा घालायची, क्षणभर थांबायची, मग उचलून पुढच्याला भरून द्यायची. तोंडानं काही बोलायची नाही. बेर्तिंगनं एकदा बायकोच्या कानाखाली वाजवली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा ग्लास पालथा झाला. तो लाल झाला, पांढरा झाला, उठून गेला. नंतर तीन दिवस त्यानं कुणीही न सांगता बास्केटबॉलचं मैदान झाडलं, बायकोला रिक्षात बसवून सगळ्या गल्लीतनं फिरवलं आणि चौथ्या दिवशी हळूच बाकाच्या टोकावर टेकला. ग्लास मिळाला. पोलिस चौकीत रात्र काढलेले लोक आमच्याकडे ती गोष्ट हसून सांगतात. पालथ्या ग्लासाची गोष्ट कुणी स्वतःची म्हणून सांगत नाही.

दारूचं असं बरं चाललं होतं. मग गल्लीत खडे आले.

फुटक्या काचेसारखे पांढरे खडे. त्यांचा धूर ओढला, की दोन-दोन दिवस झोप नाही, भूक नाही, आणि माणूस उगाच जबडा हलवत बसतो. दारुडा निदान गातो, रडतो, पाया पडतो. खड्याचा माणूस कुणाजवळ बसतच नाही. त्याला ना ग्लास लागतो ना कोंडाळं. कोंडाळ्यात न बसणाऱ्याचा ग्लास पालथा कसा घालणार? लुमिंगबाईची सगळी विद्या तिथं संपली.

आणि पहिला सापडला तो तिचाच दोमेंग.

दोमेंग म्हणजे तिच्या मैत्रिणीचा मुलगा. बाप्तिस्म्याला त्याला लुमिंग आणि कार्दोनंच हातात धरलं होतं, म्हणून तो तिला निनांग म्हणायचा आणि कार्दोला निनोंग. धर्माचे आई-बाप. एकतीस वर्षांचा, जहाजाच्या इंजिनाला तेलपाणी करणारा, खांदे दरवाज्याएवढे. जहाजावरून उतरून सात महिने झाले होते, नवं बोलावणं येत नव्हतं. तोवर कुणाची तरी जीपनी, ती उतारूंची लांबडी जीप, चालवायचा. झोप येऊ नये म्हणून कुणीतरी पहिला खडा दिला.

एका सकाळी त्याची बायको बेलेन धुण्याची परात घेऊन लुमिंगबाईच्या दारात आली. पोटात सहावा महिना. परात खाली ठेवली आणि तिच्यातच बघत बोलली.

"निनांग, जहाजाचं बोलावणं आलं."

"अगं मग रडतेस कशाला?"

"तीन आठवड्यांनी तपासणी आहे. लघवी घेतात. त्यात सापडला तर हे जहाज गेलंच, पुढचीही गेली. नाव कायमचं काढतात." मग थोडं थांबून, "आणि काल त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळ्यांवर दगड मारले. आतून कुणीतरी आपल्याला हाका मारतंय म्हणे."

ती दगडांची तक्रार तोवर बारंगायच्या वहीत चढलीही होती. आणि वहीत नाव असलेल्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळत नाही, दाखल्याशिवाय जहाजाची कचेरी दारात उभं करत नाही. लुमिंगबाई जाकीट चढवून कापितान सेब्योकडे गेली.

"त्याला मी चौकीवर देणार आहे," कापितान म्हणाला. "आज फळ्या फोडल्या, उद्या डोकं फोडेल."

"देऊन काय होईल?"

"काय होईल म्हणजे? कायदा होईल."

"त्याची पोरं काय खातील, कायदा? तीन आठवडे द्या."

कापिताननं मिशीवरून बोट फिरवलं. "बरं. दाखल्यावर सही माझी, पण त्याची वर्तणूक चांगली आहे हे तू सांगायचंस. तुझ्या तोंडानं. आणि लुमिंग, तू माझ्याशी आजवर एकदाच खोटं बोललीस."

"कधी?"

"माझे केस काळे दिसतात म्हणालीस तेव्हा."

त्या दुपारी चार वाजता ती दोमेंगला दंडाला धरून बदामाखाली घेऊन आली. आपल्या स्टुलावर बसवलं, आणि नऊ वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. बाटली त्याच्या हातात दिली. स्वतः शेजारी पालथ्या परातीवर बसली.

कोंडाळ्यातल्या माना एकदम वळल्या.

"आजपासून हा ओतेल," ती म्हणाली. "रोज. चार ते घंटा. ओतणाऱ्याचा वाटा खालच्या मंडळींचा, माझा नियम तोच त्याचा. कुणाला काही म्हणायचंय?"

ओतणाऱ्याशी वाद नाही, पण ओतणारा बदलला तर काय, याबद्दल बापजाद्यांनी काही सांगून ठेवलं नव्हतं. लोलो इस्को तेवढा पुटपुटला, "कार्दोनं हे बघायला हवं होतं."

डाव साधा होता. ओतणाऱ्याला जागचं हलता येत नाही. चौदा डोळे त्याच्या हाताकडे लागलेले असतात. हात थरथरला तर जिन सांडते, आणि सांडलेली जिन इथं कुणी विसरत नाही. पहिल्या दिवशी दोमेंगचा हात असा कापत होता, की लोलो इस्को कळवळून म्हणाला, "पारे, दोस्ता, ग्लासात ओत रे! माझ्या मांडीला तहान नाही लागलेली!" सगळे हसले. दोमेंग हसला नाही, पण उठूनही गेला नाही. घंटा झाली की लुमिंगबाई त्याला घरी नेऊन लुगाव खाऊ घालायची, मग बेलेनच्या ताब्यात द्यायची. सकाळी जीपनीवर तिचा भाचा शेजारी बसायचा. पाचव्या दिवशी दोमेंगला झोप लागली आणि तो सोळा तास झोपला. नवव्या दिवशी भूक लागली, त्यानं तीन वाट्या लुगाव खाल्ली आणि चौथीसाठी वाटी पुढं केली. बाराव्या दिवशी हात बसला. सात जणांना सात वेळा दिली आणि शेवटचा ग्लास पहिल्याइतकाच भरला. लोलो इस्कोनं तो उन्हात धरून बघितला आणि डोळे पुसले. म्हातारा दारू बघून रडतोय की कार्दो आठवून, यावर पुढं बरेच दिवस चर्चा झाली.

ते वीस दिवस गल्लीला अजून आठवतात. बदामाची पानं लाल होऊन गळत होती. बायका दुपारचं काम आवरून मुद्दाम त्या बाजूनं जायच्या, दोमेंगचा हात बघायला. दुकानाच्या फळ्या त्यानं स्वतः नव्या ठोकल्या, तेव्हा दुकानदारीण त्याच्या शेजारी खिळे धरून उभी होती. सगळी गल्ली त्याच्या लघवीसाठी देवळात मेणबत्त्या लावत होती, आणि कशासाठी लावता असं पाद्र्यानं विचारलं तर सांगायची चोरी!

आणि मग आमच्या लोकांनी माती खाल्ली. प्रेमानं खाल्ली, पण मातीच.

तपासणीच्या आदल्या दिवशी लुमिंगबाई चार वाजता बदामाखाली आली, तर तिथं तीन टेबलं जोडलेली. वर भाजलेलं डुकराचं डोकं, पान्सित शेवयांचा डोंगर, भाड्यानं आणलेलं, गाणाऱ्याला गुण देणारं गाण्यांचं यंत्र आणि फांदीला कागदी झिरमिळ्या. दोमेंगच्या निरोपाची बैठक!

"परीक्षेच्या आदल्या दिवशी?" ती लोलो इस्कोवर खेकसली. "डोकं ठिकाणावर आहे का?"

"अगं, जहाज कधी हाक मारेल याचा नेम नाही. मागच्या खेपेला पोरगं न पिताच गेलं. तो परत येईपर्यंत मला झोप नव्हती. खलाशाला कोरडं पाठवू नये लुमिंग, तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. गल्लीला माहीत होतं. बेलेनलाही माहीत होतं, म्हणून तिनंच मुकाट्यानं शेवया शिजवल्या होत्या. आणि निरोपाच्या बैठकीत ज्याचा निरोप, तो ओतत नाही. तो पितो. पहिला ग्लास त्याचा, आणि प्रत्येकाच्या नावानं एकेक. लुमिंगबाईला आणखीही एक गोष्ट माहीत होती. तीन ग्लासांनंतर दोमेंगला नाही हा शब्द आठवत नसे. आणि त्याच्या शेजारी आज कोण बसला होता? नेस्तोर. जुना जहाजसोबती, मुद्दाम बोलावून आणलेला. उघडा, शर्ट खांद्यावर टाकलेला, जबडा एकसारखा हलतोय, आणि बोटं दर दोन मिनिटांनी विजारीच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट चाचपतायत.

"बाटली इकडे," लुमिंगबाई म्हणाली.

तिला स्टूल मिळालं. दोमेंग समोर, नव्या शर्टात, भांग पाडलेला, ओठांवर वीस दिवसांत पहिल्यांदा हसू. सगळे टाळ्या वाजवायला लागले. तिनं ग्लास काठोकाठ भरला. दोन थेंब जमिनीवर सोडले. मग उरलेला ग्लासही बदामाच्या मुळाशी ओतला, आणि दोमेंगसमोर पालथा घातला.

टाळ्या थांबल्या. दोमेंगची म्हातारी आई "अगं बाई!" म्हणून तोंडाला हात लावून बसली. गाण्याचं यंत्र तेवढं चालू होतं. कुणी गात नव्हतं, तरी त्यानं अठ्ठ्याण्णव गुण दिले.

"माझ्या निरोपाला?" दोमेंग उभा राहिला. "निनांग, माझ्या निरोपाला?"

तिनं बाटली जवळ ओढली.

"वीस दिवस तुझं ऐकलं! कुत्र्यासारखा बसलो इथं! निनोंगचा ग्लास कधी पालथा घातला होतास का? सांग ना! खिडकीतून शेंगदाणे तळून देत होतीस त्याला. रोज! पोट टरटरून फुगलं तरी बशा येतच होत्या. तेव्हा कुठं होती तुझी शिट्टी? तो मेला तेव्हा कुठं होतीस?"

या गल्लीत आम्ही एकमेकांच्या चुलीपर्यंत जाऊन बोलतो. पण हे कुणी कधी बोललं नव्हतं. लुमिंगबाईचा हात बाटलीवर होता आणि तिला वाटलं, आता सांडणार. सांडलं नाही. ती फक्त त्या पालथ्या ग्लासाच्या बुडाकडे बघत राहिली.

नेस्तोरनं दोमेंगच्या गळ्यात हात टाकला. "चल पारे. इथं पाहुण्याला पाणीसुद्धा मिळायचं नाही. आपण नदीवर बसू, माझ्याकडे आहे." आणि खिसा थोपटला.

दोघं दहा पावलं गेले असतील. मग शिट्टी वाजली. नऊ वर्षांत तोंडाला न लागलेली ती शिट्टी अशी वाजली, की फांदीवरच्या झिरमिळ्या हलल्या.

"शर्ट!" लुमिंगबाई ओरडली.

नेस्तोर वळला. "काय?"

"रस्त्यावर उघड्या अंगानं फिरायला मनाई आहे. भिंतीवर लिहिलंय. वाचता येतं ना?"

"नानाय, अख्खी गल्ली उघडी बसलीय!"

त्यानं हात करून दाखवलं. पण तोवर बदामाखाली धांदल उडाली होती. बेर्तिंगनं उलटा शर्ट डोक्यातून घातला. कापितानच्या मेव्हण्यानं टेबलावरचं कापड ओढून अंगावर घेतलं. लोलो इस्कोला काही सापडेना, तेव्हा त्यानं बेलेनचा फुलाफुलांचा एप्रन घातला आणि मागं नाडी बांधायला शेजाऱ्याला पाठ दिली. क्षणात गल्लीत उघडा माणूस एकच उरला.

"घालतो, घालतो," नेस्तोर म्हणाला.

"आता घालून उपयोग नाही. कचेरीत चल. वहीत नाव लिहायचं, गाव लिहायचं, आणि खिशात काय काय आहे ते एकेक लिहायचं. मला लिहायला वेळ लागतो, अक्षर मोठं आहे माझं."

खिशाचं नाव निघताच नेस्तोरचा चेहरा उतरला. नाल्याच्या काठानं जाताना त्याला एकदम ठेच लागली आणि सिगारेटचं पाकीट पाण्यात पडलं. सगळ्यांनी बघितलं. कुणीच काही बघितलं नाही. लुमिंगबाईनं त्याला कचेरीत दिवे लागेपर्यंत बसवून ठेवलं आणि त्याचं नाव असं टपोरं लिहिलं, की अर्धं पान भरलं.

इकडे दोमेंग रस्त्याच्या मधोमध एकटा उभा. बेलेननं शेवयांची बशी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती बाजूला सारली, घरात गेला आणि दार लावून घेतलं. ते सकाळी सहापर्यंत उघडलं नाही, असं बेलेननं दुसऱ्या दिवशी नळावर सांगितलं.

सकाळी तो तपासणीला जायच्या आधी कापितानच्या टेबलाशी लुमिंगबाई उभी राहिली. "लिहा. वर्तणूक चांगली."

"कालचा तमाशा बघूनसुद्धा?"

"काल त्याच्या अंगात शर्ट होता."

"लुमिंग."

"काल तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला, कापितान. वीस दिवसांपूर्वी त्याला नजर उचलता येत नव्हती. लिहा."

कापिताननं लिहिलं. दोमेंग तपासणीत पास झाला. आठवड्यानं जहाजावर गेला. निघताना आशीर्वादासाठी सगळ्या म्हाताऱ्यांचा हात घेऊन कपाळाला लावला, एकेकाच्या दारात थांबून. लुमिंगबाईच्या दारावरून टॅक्सी सरळ गेली. ती खिडकीत होती, हातात शेंगदाण्यांची बशी. "उन्हात निघालाय, लवकर पोचेल," एवढंच म्हणाली आणि बशी आत घेतली. कार्दो गेल्यापासून तिनं शेंगदाणे तळले नव्हते, हे नळावर लगेच सगळ्यांना कळलं.

दहा महिन्यांनी टॅक्सी परत आली. दोमेंगनं ती स्वतःच्या घरापुढं थांबवलीच नाही. गाडी घरघरत ठेवून तो लुमिंगबाईच्या दारात शिरला, वाकून तिचा हात कपाळाला लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कुणी बोललं नाही. पुढं सव्वीस वर्षं बोललं नाही.

आता तो बदाम राहिलेला नाही. तिथं पत्र्याचं छत घातलेलं मैदान आहे, खांबावर कॅमेरे आहेत, तानोदांना खरखरणारी यंत्रं मिळालीत. पिणारे आपापल्या घरात दार लावून आपापल्या ग्लासात पितात. एकाच ग्लासानं रोग पसरतात म्हणे. कोण किती पितोय आणि कोण उपाशी आहे, ते कॅमेऱ्यात दिसत नाही. लोलो इस्को गेला, बेर्तिंग गेला. कापितान सेब्यो शेवटपर्यंत काळ्या केसांनी गेला.

परवा लुमिंगबाईला ऐंशी पूर्ण झाली. मैदानात टेबलं मांडली होती. नव्या तानोदांपैकी एकानं तिला वाकून विचारलं, "नानाय, खरंच का हो तुम्ही ड्यूटीवर रोज प्यायचात?" ती हसली आणि त्याच्या बशीत शेंगदाणे वाढले. दोमेंग शेजारी बसला होता. आता सत्तावन्नचा, जहाज सोडलेला, पोट सुटलेलं, उकडतंय म्हणून उघडा. तीन नातवंडं त्याच्या पाठीवर चढउतार करत होती. त्यानं समोरचा रिकामा ग्लास उचलला, टेबलावर पालथा घातला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "निनांग, त्या दिवशी भरल्या बैठकीत माझा ग्लास पालथा घातलास. एक घोट तरी द्यायचास की नाही?"

लुमिंगबाई म्हणाली, "तो ग्लास तुझा नव्हताच, कार्दोचा होता. पालथा घालायला मला अकरा वर्षं उशीर झाला, एवढंच. आणि तू आधी शर्ट घाल."